कोल्हापूरची ओळ

राजारामपुरी, कोल्हापूर
बुधवार, १२ नोव्हेंबर

प्रिय विश्वजित,

आधी घडलेल्या गोष्टी, क्रमाने.

१. परवा, सोमवारी दुपारी, राज्याच्या तक्त्यात कोल्हापूरची ओळ वेगळी छापायचं ठरलं.
२. आम्हाला ‘इतर जिल्हे’ या ओळीत मिसळून टाकण्याचा प्रस्ताव मागे घेतला गेला.
३. ज्या जिल्ह्याची ओळ वेगळी, तिथलं केंद्र आणखी दोन वर्षं चालणार. म्हणजे आमचं कार्यालय बंद होत नाही.
४. म्हणजे मी पुण्याला येत नाही.
५. केरबातात्यांनी गल्लीत पेढे वाटले.

पाचवा मुद्दा अहवालात बसत नाही, पण घडला आहे म्हणून लिहिला. चौथा वाचून तू कागद खाली ठेवला असशील. उचल. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी एक वाक्य बोलते आणि तू चार, आणि माझं दुसरं वाक्य तसंच राहतं. पत्रात मला कुणी मधे तोडत नाही. शिवाय कागदावर मी जरा बरी असते, असं तूच एकदा म्हणाला होतास.

जूनपासून मी काय करते आहे हे तू मित्रांना एका वाक्यात सांगतोस, की क्रांती मोबाईलवाल्यांची शिरगणती करते. ते तसं नाही. राज्यात वर्षभरात जेवढी नवी भर पडते, तिच्यात माहिती सेवांचा वाटा किती, हे आम्ही मोजतो. माहिती सेवा म्हणजे ज्यांचा मालच माहिती आहे असे धंदे: गोळा करायची, नीट लावायची आणि हवी त्याला हवी तेव्हा पुरवायची. तुझी कंपनी दुसऱ्यांच्या नोंदी सांभाळते, ती यातच येते. मिळालं त्यातून त्यासाठी खर्ची पडलेलं वजा केलं की उरते ती त्या धंद्याने घातलेली भर. गणित शाळेतलं आहे. अवघड असतं ते धंदा सापडणं.

ऑगस्टमध्ये पहिल्या फेरीचे आकडे आले तेव्हा अख्ख्या जिल्ह्यातून सहा घटक, म्हणजे असे सहाच धंदे, निघाले. नियम असा आहे की दहापेक्षा कमी असतील तर त्या जिल्ह्याची ओळ वेगळी छापत नाहीत, कारण इतक्या थोड्यांतून कुणाचा आकडा कुणाचा हे लगेच ओळखू येतं. मग तो जिल्हा ‘इतर’मध्ये जातो, तक्त्यात त्याच्या नावावर शून्यच उरतं, केंद्र बंद होतं आणि माणसं पुण्याच्या मुख्य कार्यालयात. मी तुला फोनवर हे सांगितलं तेव्हा तुला झालेला आनंद तू लपवला नाहीस. म्हणालास, वाडीला जाऊन दत्तासमोर नारळ फोडतो, ओळ जाऊ दे आणि तू ये. सांगलीच्या माणसाने कोल्हापूरचं शून्य व्हावं म्हणून नृसिंहवाडीला नवस बोलावा, यात नवल काही नाही. मी फोनवर हसले नाही. हसू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी तू कोथरूडच्या फ्लॅटचे फोटो पाठवलेस. स्वयंपाकघर, गॅलरी, गॅलरीतून दिसणारं एक गुलमोहराचं झाड. मी उत्तर म्हणून चटईक्षेत्र काढून पाठवलं आणि जाहिरातीत ते फुगवून सांगितलंय असं कळवलं. मला कळलं होतं की तू क्षेत्रफळ विचारलं नव्हतंस.

म्हणजे ओळ राहिली तर मी इथे, गेली तर तुझ्या शहरात. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी मी ओळ राखायची खटपट केली, कारण ते शून्य खोटं होतं. कसं ते आता सांगते, आणि सांगताना मला मजा येणार आहे, तेव्हा थोडं लांबेल.

मी आक्काकडे राहते हे तुला माहीत आहे. आईची थोरली बहीण, पण सगळ्या गोतावळ्याची ती आक्काच. आठव्या गल्लीत तिचं दोन मजली घर, खालच्या मागच्या भागात भाडेकरू म्हणून केरबातात्या. तात्यांनी तीस-एक वर्षं दुधाचा टँकर चालवला, आता निवृत्त आहेत. आवाज असा की पहिल्या गल्लीत उभं राहिलं तरी त्यांचं फोनवरचं बोलणं नीट ऐकू येतं. दिवसभर फोन. पावसाळ्यात कुठला बंधारा पाण्याखाली गेला, कुठल्या गावाला कुठून वळसा घालून जायचं; आता हंगाम सुरू झालाय तर कुठल्या साखर कारखान्याच्या फाटकावर उसाच्या ट्रॅक्टरची किती रांग आहे, कुठे लगेच वजनकाटा होतो. गावोगावचे लोक त्यांना कळवतात, ते ताडून बघतात, आणि मग टँकरवाले, ट्रॅक्टरवाले, लग्नाची वऱ्हाडं, सगळ्यांना सांगतात. एकाने सांगितलं तर धरत नाहीत, दोघांनी सांगितलं तरच पुढे. हे मी रोज जिन्यावरून ऐकत होते आणि रोज कार्यालयात जाऊन ‘कोल्हापुरात माहिती सेवा नगण्य’ असं टिपण लिहीत होते.

आमचा प्रगणक त्यांच्याकडेही जाऊन आला होता. त्याने छापील प्रश्न विचारला, की माहिती देण्याबद्दल ग्राहकांकडून महिन्याला किती रक्कम घेता. तात्या भडकले. “रस्ता सांगायचं पैसं घेत्यात व्हय? कुठल्या गावचं पावणं तुमी?” प्रगणकाने शून्य लिहिलं. शून्य लिहिलं की आमची प्रणाली तो घटक आपोआप गाळते. मग मी गाळलेले सगळे अर्ज काढून बसले आणि पाहिलं, तर जिल्हाभर तेच. भुदरगडच्या बाजूला जनावरांच्या बाजाराचे भाव सांगणारा एक, गडहिंग्लजला मिरचीची आवक सांगणारी एक बाई, सगळ्यांचं उत्तर ते आणि तेवढंच: पैसे? छे. आपल्याकडे सांगण्याचे पैसे घेणं म्हणजे पाणी पाजून पैसे मागण्यासारखं. पुण्यात ही अडचण आली नसावी. (हे वाक्य तुला चिडवायला आहे.)

पण शून्यावर कुणी इतका राबत नाही. मला उत्तर सापडलं ते चहात. एका सकाळी आक्का कुरकुरत होती की दुधाला आज गाईची चव आहे, म्हशीचं आणायला सांगितलं होतं. मी विचारलं, कुणाला. म्हणाली, “केरबाला की. त्याच्याकडनंच येतंय दूध, तू आल्यापास्नं.” विश्वजित, केरबातात्यांकडे म्हैस नाही. गाय नाही. त्यांच्या ओट्यावर मात्र रोज सकाळी चार-पाच किटल्या असतात, आणि मला त्या इतके दिवस दिसत होत्या. टँकरवाले येता-जाता ठेवून जातात. गुळाच्या ढेपा येतात, तांदूळ येतो, आणि फोनचं रिचार्ज तर त्यांनी कित्येक वर्षांत स्वतः केलेलंच नाही. ड्रायव्हर लोकांनी पाळ्या लावून घेतल्या आहेत. ज्याची पाळी तो न विचारता भरतो. मी राज्याच्या अर्थव्यवस्थेतला न मोजलेला भाग अडीच महिने रोज सकाळी साखर घालून पीत होते.

वस्तुरूपाने आलेला मोबदला बाजारभावाने धरायचा, हा नियम आहेच. प्रश्न चुकीचा होता, एवढंच. ‘किती पैसे घेता’ याऐवजी विचारायला हवं होतं, की उद्या तुमचा फोन बंद पडला तर कोण कोण शोधत येईल, आणि गेल्या महिन्यात त्यांनी काय काय पाठवलं. मी नवी प्रश्नावली केली, मुख्य कार्यालयाकडून दुसऱ्या फेरीची परवानगी काढली आणि सगळ्यात आधी खाली तात्यांकडे गेले. तिथेच अडकले. त्यांनी साफ नकार दिला. “पोरी, तू काय बी लिव. पर केरबा सांगायचं दूध घेतो असं लिवलंस, तर मी परत कुठल्या बंधाऱ्यावर तोंड दावायचा न्हाय.” ते थट्टा करत नव्हते. त्यांच्या लेखी किटल्या म्हणजे माया होती, आणि मी तिला मजुरी म्हणत होते. संमतीशिवाय मी एकही ओळ भरू शकत नाही. आणि तात्यांनी नाही म्हटलं की त्यांना विचारून हो म्हणणारे सगळेच नाही म्हणणार होते.

आता जुलेखाभाभी. कबनूरला राहतात, यंत्रमागवाल्या घरातल्या. सुताचे रोजचे भाव, कुणाचा माग रिकामा आहे, कुणाकडे काम पडून आहे, हे त्या सकाळी सकाळी आवाजी संदेश पाठवून सांगतात. हाताखाली दोन मुली आहेत, दर ठरलेला आहे, आणि पैसे थकवणाऱ्याला भाव सांगणं बंद. त्यांना पैसे घ्यायची लाज अजिबात नाही. तरी त्या आमच्या यादीत नव्हत्या. शोधलं तेव्हा सापडल्या, पुण्याच्या ओळीत! हे संदेश ज्या ॲपवरून जातात ते पुतण्याने, खिजरने, नोंदवलं होतं, आणि तो राहतो तिकडे, म्हणून पत्ता तिकडचा. मी त्यांना हे सांगायला कबनूरला गेले. त्या सूत मोजायचं थांबवून म्हणाल्या, “मी जल्मात पुण्याला गेल्याली न्हाय, आन् माझी कमाई तिथं जाऊन ऱ्हातीया?” नियम त्यांच्या बाजूने होता. सेवा तिथे धरायची जिथे माणूस नेहमी बसून काम करतो. कंपनी कुठे नोंदली आहे ते बघायचं नाही. मी तसं लिहून पाठवलं आणि भाभी पुण्याच्या ओळीतून उठून कोल्हापूरच्या ओळीत आल्या. हा नियम लक्षात ठेव.

बोलता बोलता मी त्यांना तात्यांची अडचण सांगितली. का सांगितली ते मलाच माहीत नाही. मी सहसा सांगत नाही. पुढच्या शनिवारी भाभी कोल्हापूरला दवाखान्यात आल्या होत्या, तिथून सरळ आक्काच्या दारात. तात्यांची आणि त्यांची ओळखही नव्हती. चहा झाला. (दूध तेच.) मग भाभींनी ओट्यावरच्या किटल्यांकडे बघत अगदी शांतपणे विचारलं, “तात्या, हे सगळं मायेनंच येतंय म्हणा की.” तात्या म्हणाले, मायेनंच. “मग आसं करा. चार दिस रस्ता खोटा सांगा. बघू म्हशी आटत्यात का न्हाय.”

आक्का आधी हसली. मग तात्या असे हसले की शेजारच्या क्लासमधला शिकवायचा आवाज बंद झाला. हसू ओसरल्यावर ते किटल्यांकडे बघत म्हणाले की खोटं तर जमायचं नाही. भाभी म्हणाल्या, “तेच लिवून घेतीया ही. खोटं सांगत न्हाई त्याचं दूध.” तेवढ्यावर तात्यांनी अर्ज पुढे ओढला. मी मोबदल्याच्या रकान्यात त्यांच्या शब्दांत ‘पावण्यांनी दिलेले’ असं लिहिलं आणि बाजूला बाजारभाव टाकला. मग वजाबाकी: तिठ्यावरच्या, खबर देणाऱ्या माणसांना पाजलेला चहा, मोटारसायकलचं पेट्रोल, फोनची बॅटरी. आक्काने मधेच बजावलं की आमच्या चहातलं दूध वजा करशील तर बघ. ते वजा होत नाहीच. मिळवलेलं नंतर वाटून टाकलं तरी ते मिळवलेलंच असतं. तात्यांना हे फार आवडलं. त्यांनी ते मला दोनदा म्हणायला लावलं.

त्यानंतर तात्याच माझे प्रगणक झाले म्हण ना. ज्यांनी नकार दिला होता त्यांना फोन करून सांगायचे, “लिवून दे, लाज न्हाय त्यात, मी दिलंय.” दुसऱ्या फेरीत चौतीस घटक निघाले. सोमवारच्या बैठकीत संचालक मॅडमनी दूध आणि गूळ हे उत्पन्न कसं, असं विचारलं, आणि मी नियमाचं पान दाखवलं. त्यांनी तात्यांचा अर्ज पडद्यावर मोठा करून नीट वाचला, ‘पावण्यांनी दिलेले’पाशी थांबल्या आणि म्हणाल्या की हा प्रश्न आता सगळ्या जिल्ह्यांत असाच विचारा. तुझ्या सांगलीतसुद्धा. कोल्हापूरचा वाटा फार मोठा नाही, टक्क्याच्या बारीक तुकड्यात आहे. पण शून्य नाही. मी जिन्यावरून हे सांगितलं तेव्हा तात्यांनी एवढंच विचारलं, “सांगलीच्या वर हाय न्हवं?” तूर्त आहे. मग पेढे.

पेढे घेताना आक्का म्हणाली की तुळशीचं लग्न होऊनही आठवडा उलटला, आणि माझ्या हातावर आणखी एक पेढा ठेवला. तात्यांनी तुझी चौकशी केली. मी तुझं नाव त्यांच्यासमोर कधी घेतलेलं नाही, पण जूनमध्ये तू मला सोडायला आला होतास तेव्हा गल्लीत गाडी लावायला जागा त्यांनीच दाखवली होती, आणि दोघांनी सांगितल्याशिवाय ते काही धरत नाहीत. म्हणजे दुसरं कुणीतरी सांगितलं असणार. माझा संशय आक्कावर आहे.

विद्यापीठात असताना आपण याच गल्ल्यांतून क्लासच्या पाट्या मोजत फिरलो होतो, आठवतं? तू फक्त रस्त्यावरून दिसणाऱ्या मोजल्यास, मी जिने चढून दारावरच्याही. तुझा आकडा माझ्या निम्मा आला, आणि हरल्याबद्दल तुला गंगावेशीत म्हशीचं ताजं काढलेलं दूध प्यावं लागलं. भरलेला मोठा ग्लास, वर फेस. तू डोळे मिटून प्यालास, मिशी पांढरी झाली, मी पहिल्यांदा तुझ्यासमोर मोठ्याने हसले, आणि पुढे दोन दिवस तू वर्गात आला नाहीस. त्या दोन दिवसांत मला जे कळलं ते मी कुठल्याच रकान्यात भरलं नाही. विचारणाऱ्याने प्रश्न नीट विचारला नव्हता असं मी म्हणू शकते, पण तू बऱ्यापैकी नीट विचारत आला आहेस. मीच ‘बघू’ म्हणत आले.

आता हे पत्र कशासाठी, ते. सोमवारी, चोवीस तारखेला, मी इथल्या दोन वर्षांच्या करारावर सही करणार आहे. ती तुझ्या उत्तरावर अवलंबून नाही. पण तुझी कंपनी तुला कायम घरून काम करू देते, आणि माणूस जिथे बसून काम करतो तिथेच त्याची भर धरतात. आक्काची वरची खोली रिकामी आहे. पूर्वेला खिडकी, नेट चांगलं, चटईक्षेत्र मी स्वतः मोजलं आहे आणि फुगवलेलं नाही. गुलमोहर नाही, शेवगा आहे. काल मी तिथे दोन टेबलं आणून ठेवली. एकाची उंची तुझ्या उंचीला बेतून वाढवून घेतली आहे. माझ्याशी लग्न कर आणि इथे राहायला ये. कोल्हापूरची ओळ एका घटकाने वाढेल, पुण्याला कळणारही नाही, आणि दूध उकळून देऊ. शेजारचे क्लासवाले ती खोली मागत आहेत आणि आक्का त्यांना सोमवारी सकाळी सांगणार आहे. तेव्हा रविवार, २३ नोव्हेंबरपर्यंत उत्तर कळव.

तुझीच (शब्द तपासून लिहिला आहे),
क्रांती